अंगदचा गुडघा

सकाळचे साडेसात वाजले होते आणि ‘विदर्भ वणवा’ या बास्केटबॉल संघाचे बारा खेळाडू बाकावर बसून गुडघ्यांना पट्टे बांधत होते. नागपूरच्या संघाचं नाव वणवा ठेवायला फार डोकं लागत नाही, पण ते असो. पट्टा करड्या रंगाचा, चार बोटं रुंद, आतल्या अंगाला तांदळाच्या दाण्याएवढे सोळा मायक्रोफोन. अधिकृत नाव श्रवणपट्टा. पोरं त्याला चुगलखोर म्हणायची. गुडघ्याची हाडं ज्या चिवट दोरांनी एकमेकांना धरून असतात त्यांना अस्थिबंध म्हणतात. बंध थकला की त्याचे केसाहून बारीक तंतू एकेक करून तुटायला लागतात, आणि तुटताना आवाज करतात. तो आवाज माणसाच्या कानाला ऐकू जात नाही, पट्ट्याला जायचा. त्यावरून यंत्र एक आकडा द्यायचं, ताणांक. शून्याच्या आसपास म्हणजे लहान बाळाचा गुडघा. शंभर म्हणजे बंध तुटला, खेळाडू आडवा, आणि पुढचं वर्ष कुबड्यांवर.

हा आकडा खेळाडूला मात्र सांगायचा नाही, असा लीगचा सक्त नियम होता. कारण ऐकायला पटण्यासारखं होतं. गुडघा अधू आहे असं कळलं की माणूस जीव चोरून उडी मारतो, वाकडा उतरतो, आणि जे आठ महिन्यांनी तुटायचं ते आठ दिवसांत तुटतं, असं लीगच्या डॉक्टरांचं म्हणणं. सांगणाऱ्या प्रशिक्षकाचा परवाना जायचा. म्हणजे ज्याचा गुडघा त्यालाच पत्ता नाही आणि बाकी सगळ्यांना खबर, असा एकूण कारभार होता.

खबर सगळ्यांत आधी पोचायची ती सुनंदाताई पराते यांच्याकडे. त्या संघाच्या सहायक प्रशिक्षक. वय बावन्न, एके काळी महाराष्ट्राकडून खेळलेल्या, आणि स्वभावानं नको तितक्या काळजीखोर. घराबाहेर पडल्यावर गॅस बंद केला की नाही हे बघायला परत येणारी माणसं असतात ना, त्यातल्या. या हंगामात त्यांच्या डोक्यावर एक जास्तीचं ओझं होतं. पुढच्या तीन वर्षांसाठी संघाला दोन विंगपैकी एकच ठेवायचा होता, आणि कोणता ठेवावा हे ताईंनी सोमवारी लेखी द्यायचं होतं.

विंग म्हणजे मैदानाच्या कडेनं खेळणारा गडी. बास्केटखाली उभे राहतात त्यांच्याइतका उंच नाही, चेंडू घेऊन येतो त्या गार्डइतका चपळ नाही. पण दोघांचीही थोडी थोडी कामं त्याच्याच गळ्यात. वणव्याचे दोन विंग म्हणजे अंगद वांढरे आणि प्रज्वल खोब्रागडे. ताईंनी वहीत पानाच्या मधोमध रेघ मारून डावीकडे एकाचं आणि उजवीकडे दुसऱ्याचं लिहायला घेतलं त्याला दोन महिने झाले होते, आणि दोन महिन्यांत सतरा पानं भरली होती.

अंगद धरमपेठेतला. सहा फूट सहा इंच, हात लांबसडक. कोपऱ्यातून, लांबून मारलेल्या तीन गुणांच्या शंभर थ्री-पॉइंटरपैकी त्याचे एक्केचाळीस पडायचे. देशात हा आकडा दुसऱ्या कोणाचा नव्हता. मनगट असं मऊ, की चेंडू हातातून सुटताना आवाज होत नसे. पण डावा हात नावापुरता. समोरच्यानं उजवी बाजू अडवली की गडी गप्पगार. आणि सगळ्यात वाईट खोड म्हणजे नेम चुकला की साहेब जागच्या जागी उभे राहून पंचाकडे बघत बसायचे, तोवर पलीकडचा संघ धावत जाऊन बास्केट करून मोकळा. ताईंनी डावीकडच्या बाजूला ‘रुसतो’ असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

प्रज्वल कामठीचा. तीन इंचांनी बुटका. थ्री-पॉइंटर शंभरात अठ्ठावीस, आणि कोणी न अडवता मारायच्या फ्री थ्रोच्या रेषेवर एकटा उभा राहिला की हात कापायचे. अशा वेळी ताई स्वतः मान फिरवून घ्यायच्या. पण ज्याच्यावर त्याला लावला, त्याचा दिवस वाईट गेलाच म्हणून समजा. छाती पुढे ठेवून, हात न लावता, तो समोरच्याला हवा तिकडे ढकलत न्यायचा. पास कुठे जाणार हे देणाऱ्याच्या आधी त्याला कळायचं. डावा, उजवा, दोन्ही हात सारखे. त्याच्या बाजूला वाईट म्हणून जे होतं त्यात ‘स्वतः कधी मागत नाही’ हेही होतं. मोकळा असला तरी चेंडू मागणार नाही. व्यावसायिक खेळात हा दुर्गुणच धरतात.

एक गुण मिळवून देणारा, एक गुण वाचवणारा. वहीतल्या गुणदोषांनी तराजूचा काटा हलला नव्हता. तो हलवला ताणांकानं.

नऊ सामन्यांपूर्वी रायपूरला वणव्यानं पहिल्या क्रमांकाच्या संघाला एका गुणानं हरवलं. त्या सामन्यात अंगद एकदा विचित्र पडला होता. त्याच संध्याकाळी त्याच्या उजव्या गुडघ्याचा ताणांक चोविसावरून एकदम सेहेचाळीसवर गेला. प्रज्वलचा चव्वेचाळीसवरून पंचविसावर उतरला, म्हणून ताईंना तेवढंच बरं वाटलं. सामन्याआधीची आठवडाभराची विश्रांती लागू पडली असं त्यांनी धरलं. आणि अंगदच्या काळजीनं त्यांची झोप उडाली. तीस वर्षांत त्यांनी अकरा जणांचे बंध तुटलेले पाहिले होते. त्यातले दोघं परत खेळले.

सांगता तर येत नव्हतं. मग त्यांनी जे करता येत होतं ते केलं. मुख्य प्रशिक्षक बर्डे सरांशी बोलून अंगदला थोडं थोडं बसवायला सुरुवात केली. चाळीस मिनिटांच्या सामन्यात तो एकतीस मिनिटं खेळायचा, ते अठरावर आणलं. रिकामी झालेली मिनिटं कोणाला द्यायची? ज्याचा गुडघा शांत आहे त्याला. प्रज्वल बावीस मिनिटं खेळायचा तो चौतीस मिनिटं पळायला लागला. अंगदला वाटलं मॅडमचा आपल्यावर राग आहे. तो नमस्कारापुरता बोलायला लागला. प्रज्वलला वाटलं आपलं नशीब फळफळलं. ताई दोघांनाही काही सांगू शकत नव्हत्या, आणि जेवताना घास हातात धरून नुसत्या बसून राहायच्या.

एवढं करून आकडा थांबायला हवा होता. तो थांबला नाही. अठ्ठावन्न, सदुसष्ट, चौऱ्याहत्तर. माणसाला बाकावर बसवून ठेवलंय आणि त्याचा गुडघा झिजतोच आहे, हे कुठलं शास्त्र म्हणायचं? ताईंनी लीगच्या तज्ज्ञाला विचारलं. तो म्हणाला, काही शरीरांना विश्रांती मानवत नाही. ताईंना ते पटलं नाही, पण वाद घालण्याइतकं शिक्षण आपलं नाही असं समजून त्या गप्प बसल्या. काल रात्रीचा आकडा एक्क्याऐंशी होता. आणि आज संध्याकाळी सहाला उपांत्य सामना.

म्हणून आज सकाळी त्यांनी एक गोष्ट पहिल्यांदा केली. पट्ट्याचा आवाज थेट ऐकायची सोय होती, पण ती दुखापत झाल्यानंतर डॉक्टरांनी वापरायची म्हणून एरवी कोणी तिला हात लावत नसे. आकडा सराव संपल्यावर आपसूक यायचाच. ताईंनी काचेच्या खोलीत बसून हेडफोन कानाला लावला, यादीतून ‘वांढरे, उजवा’ निवडला आणि डोळे मिटून घेतले. यंत्र तो बारीक आवाज माणसाच्या कानापर्यंत मोठा करून देत होतं. ओल्या सुतळीला पीळ भरताना येतो तसा आवाज होता, कुर्र, कुर्र. मध्येच धप्प, म्हणजे उडी मारून पाय टेकले. धप्प झालं की त्यामागून बारीक तडतड. पोराला थांबवलं पाहिजे, आत्ताच्या आत्ता, असं मनाशी म्हणत त्यांनी डोळे उघडले.

काचेपलीकडे अंगद बाकावर बसला होता. पाय लांब सोडून, भिजवलेले हरभरे खात होता. ताईंनीच त्याला सकाळी बसायला सांगितलं होतं.

कानात धप्प झालं. तडतड झाली.

हेडफोन बिघडला असेल असं वाटून त्यांनी तो काढला, पुसला, पुन्हा लावला. अंगदनं एक हरभरा तोंडात टाकला. कानातला गुडघा पळत होता, वळत होता, उडत होता. ताईंनी मैदानावर नजर फिरवली. पाच जण एका बाजूला, पाच दुसऱ्या. एकेकाच्या उडीबरोबर कानातला आवाज जुळतो का हे त्या बघत गेल्या. गार्डचा जुळला नाही. सेंटरचा जुळला नाही. मग प्रज्वलनं रिबाउंडसाठी, म्हणजे रिंगवरून परत उसळलेल्या चेंडूसाठी उडी मारली, तो खाली आला, आणि त्याचे पाय टेकले त्याच क्षणाला कानात धप्प झालं. पुन्हा मारली, पुन्हा झालं. सहा वेळा त्यांनी पाहिलं. मग हेडफोन टेबलावर ठेवला.

सराव संपल्यावर त्यांनी दोघांना खोलीत बोलावलं आणि पट्टे दाखवा म्हणाल्या. दोघं एकमेकांकडे बघून चोरी पकडली गेलेल्या पोरांसारखे हसले. पट्ट्यामागचा नंबर बघायचीही गरज नव्हती, पण ताईंनी बघितला. अंगदच्या पायावर प्रज्वलची जोडी होती, प्रज्वलच्या पायावर अंगदची.

झालं होतं ते असं. रायपूरला बस उशिरा पोचली, कपडे बदलायच्या खोलीत घाई झाली, आणि जोड्यांची अदलाबदल झाली. सामना जिंकल्यावर लक्षात आलं. आता जिंकलेल्या दिवशी जे अंगावर होतं ते पुढे बदलायचं नाही, हा खेळाडूंचा कायदा कोणत्याही लीगच्या नियमाहून जुना आहे. अंगदनं तेव्हापासून मोजे धुतले नव्हते. फार काय, खुद्द बर्डे सर नऊ सामने तोच उभ्या रेघांचा शर्ट घालून येत होते. आणि टोटका कोणाला सांगितला तर त्याची ताकद जाते, म्हणून दोघांनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. पट्टा नंबर ओळखतो, पाय ओळखत नाही, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. यायला तो काय सांगतो हे तरी माहीत हवं.

ताईंनी पट्टे आत्ताच बदला म्हटलं तर अंगद गयावया करायला लागला. आजचा दिवस राहू द्या, उद्या बदलतो. प्रज्वलही त्याच्याच बाजूनं. नऊच्या नऊ जिंकलो मॅडम, आज कसं बदलायचं, असं त्याचं म्हणणं. का बदला, हे ताईंना सांगता येईना. त्यांनी दोघांनाही जेवायला पाठवलं.

दार लागल्यावर त्यांनी वही उघडली आणि हिशेब केला. करायचा नव्हता, पण हात थांबेना. दर सामन्याला बारा मिनिटं जास्तीची, नऊ सामने. एकशे आठ मिनिटं. धडधाकट गुडघ्याला सावलीत बसवून, फाटत चाललेल्या गुडघ्याला एकशे आठ मिनिटं जास्त पळवलं होतं, आणि तेही काळजीपोटी, आणि तेही आपण. रायपूरच्या संध्याकाळी एक आकडा चढला आणि दुसरा उतरला, दोन्ही जवळजवळ तितकेच. शाळेतल्या पोराला दाखवलं असतं तरी त्यानं ओळखलं असतं. ताईंना रडू आलं, आणि त्यांनी ते आवरलंही नाही.

बर्डे सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. वाईट माणूस नव्हता तो. आधीच्या दोन संघांनी त्यांना हंगामाच्या मध्यावर काढलं होतं, तेव्हापासून ते प्रत्येक गोष्टीत बाहेर पडायचं दार आधी शोधायचे. त्यांनी एकच विचारलं, म्हणजे अंगद ठणठणीत आहे? ताई हो म्हणाल्या. सरांचा चेहरा उजळला. मग अवघड काय आहे, आज अंगद पूर्ण खेळेल, प्रज्वल बसेल, आणि सोमवारच्या कागदावर अंगदचं नाव टाका, असं म्हणून त्यांनी पाण्याचा घोट घेतला. सतरा पानांना न हललेला तराजू एका घोटात एका बाजूला गेला होता, आणि काल रात्रीपर्यंत तो बरोबर उलट्या बाजूला होता.

“आणि प्रज्वलला काय सांगायचं?” ताईंनी विचारलं.

“नियम माहीत आहे ना तुम्हाला, पराते मॅडम? विश्रांती दिली म्हणायचं. सोमवारनंतर तो आपला खेळाडूच राहत नाही.”

आपला राहणार नाही, पण खेळाडू तर राहणार होता. संघानं मोकळं सोडलं की प्रज्वल कुठे जाणार हे त्यांना ठाऊक होतं. दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी कामठीत त्याच्या मंडळाची स्पर्धा असायची. उघडं मैदान, खाली सिमेंट, आणि गावचा पोरगा म्हणून चाळीसच्या चाळीस मिनिटं त्यालाच पळवणार. एक्क्याऐंशीवरचा बंध सिमेंटवर किती उड्या काढील? आणि तो जायच्या आधी कोणी त्याला काही सांगणार नव्हतं.

तीन वाजता प्रज्वलच त्यांच्या खोलीत आला. फळ्यावर लागलेली संघाची यादी त्यानं बघितली होती. आवाज चढवणारा पोरगा नव्हता तो, पण चेहरा उतरला होता.

“मॅडम, माहं काही चुकलं का? नऊ मॅच पळवलं मले, अन् आज बसवून राहिले. काहून?”

ताईंनी दाराकडे पाहिलं. परवाना गेला तर बावन्नाव्या वर्षी त्यांना कोणतीही लीग उभं करणार नव्हती. शाळेतल्या खेळाच्या शिक्षिकेच्या नोकरीचाही त्या परवान्याशिवाय विचार नको. एवढं सगळं मनात येऊन गेलं आणि तरी त्यांनी टेबलावरचा हेडफोन उचलून त्याच्या हातात दिला. कानाला लाव म्हणाल्या, आणि उजवा पाय दुमडून लांब कर.

त्याच्या पायाला अजून सकाळचा पट्टा होता. त्यानं पाय लांब केला. दुमडला. पुन्हा लांब केला. आधी तो हसला, कारण आवाज मजेशीर होता. मग त्यानं हळूच उभं राहून एक छोटी उडी मारली, आणि हसू गेलं.

ताईंनी मग सगळं सांगितलं. ताणांक म्हणजे काय, पट्टे बदलल्यानं काय झालं, अंगदला बसवून त्याला का पळवलं. बंध अजून तुटलेला नाही हेही सांगितलं. सहा महिने उडी नाही, धावणं नाही, की तंतू पुन्हा धरतात, दहातले सहा जण परत उभे राहतात. कामठीच्या स्पर्धेत पाऊल ठेवायचं नाही, हे दोनदा बजावलं. आणि मिनिटं आपणच वाढवली हे सांगताना त्यांनी मान खाली घातली. तो चिडेल, याची त्यांनी मनाची तयारी केली होती. चिडला असता तर बरं झालं असतं.

तो चिडला नाही. हेडफोन गळ्यात अडकवून त्यानं गुडघ्यावर तळवा ठेवला. कराराबद्दलही त्यानं काही विचारलं नाही.

“रायपूरपासून हा आवाज तुमाले ऐकू येत होता?”

“आकडा दिसत होता. रोज. पण अंगदच्या नावावर दिसत होता रे. मला वाटलं त्याचा गुडघा चाललाय.”

“म्हणजे अंगदचा बंध तुटणार आहे, असं तुमाले नऊ मॅच माहीत होतं.”

“हो.”

प्रज्वलनं वर पाहिलं. रागानं नाही, एखादी गोष्ट समजून घ्यायची आहे अशा नजरेनं.

“पहिल्याच दिवशी त्याले नुसतं म्हटलं असतं ना, का अंगद, पट्टा म्हणते तुहा गुडघा कुरकुरून राहिला, तर तो म्हणला असता, मॅडम, हे पट्टे माहे नाहीत, प्रज्वलचे आहेत. तिथंच संपलं असतं.”

प्रज्वलनं हेडफोन गळ्यातून काढून ताईंच्या वहीवर ठेवला.

“त्याले काहून नाही सांगितलं, मॅडम?”